समोर जाऊन सांगायचं

आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक सर राहायचे. महिना संपत आला की ते जिना उतरून खाली यायचे, गिऱ्हाइकं असली तर बाजूला उभे राहायचे आणि गर्दी ओसरली की अब्बांच्या समोर येऊन सांगायचे, "पुढच्या महिन्यात मी राहणार आहे." अब्बा खिळे तोलत असायचे, नाहीतर ताडपत्री कापत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "राहा की. तुम्हाला जा कोण म्हणतंय?" सर समाधानाने मान हलवायचे आणि परत वर जायचे. अब्बांना आधी वाटलं, या माणसाला खोली सोडायची असणार. मग वाटलं, भाडं कमी करून हवं असणार. पुढे पुढे त्यांनी त्यावर डोकं चालवणं सोडून दिलं.

दुकान लोणावळ्याच्या बाजारात, हार्डवेअरचं. पावसाआधी ताडपत्र्या आणि पत्र्याचे स्क्रू, एरवी बंगलेवाल्यांचे नळ आणि रंगाचे डबे. आता ते मी चालवते. तेव्हा मी कॉलेजात होते आणि वरच्या सरांविषयी बाजाराला होती तेवढीच माहिती मलाही होती. म्हणजे ते टेनिस खेळायचे, परदेशात जाऊन खेळायचे, आणि आता डोंगराखालच्या क्लबात शिकवतात. नव्याने भेटलेला माणूस हमखास विचारायचा, "कुठला कप जिंकला होता, सर?" सर म्हणायचे, "मी डबल्स खेळायचो." समोरच्याचा चेहरा तिथेच उतरायचा. जणू सरांनी सांगितलं, मी लग्नात वाढप्याचं काम करायचो.

याचं सरांना वाईट वाटायचं नाही, असं ते सांगत. मला ते खरं वाटलं नाही. एकदा म्हणाले, "सिंगल्सची मॅच संपली की लोक उठतात, पाणी पितात, घरी जातात. मग त्याच कोर्टवर आमची सुरू व्हायची. मी आयुष्यभर उठून जाणाऱ्या लोकांच्या पाठी पाहिल्यात." हे सांगताना ते हसले, पण ते हसू काही पूर्ण नव्हतं.

डबल्सने त्यांच्या अंगात नाना खोडी घालून ठेवल्या होत्या. दोन पॉइंटांच्या मध्ये जोडीदार आपसात बोलतात, तेव्हा समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडासमोर बॉल धरतात. सरांच्या हातात बॉल नसला तरी हात तोंडासमोर जायचाच. वडापावच्या गाडीवर उभे राहून, तोंड झाकून, हलक्या आवाजात सांगायचे, "दोन द्या. तिखट चटणी जास्त." गाडीवाला विचारायचा, "सर, कुणापासून लपवताय?" सर खरंच मागे वळून बघायचे.

दुसरी खोड म्हणजे त्यांना नेहमी डावी बाजू लागायची. ते कोर्टच्या डाव्या बाजूला खेळत आले होते, म्हणून चालतानाही डावीकडे, बाकावरही डावीकडे. त्यांच्याबरोबर बाजारातून जायचं म्हणजे गाड्यांच्या बाजूला आपण. एकदा एका टेम्पोने मला जवळजवळ घासलं, तरी त्यांनी बाजू सोडली नाही. मी रागावले, तर म्हणाले, "उजवी बाजू माझी नाही, तिथे मी काय करू?" हट्टी माणूस. मला त्यांचा फार राग यायचा आणि तरी पुढच्या वेळी मी मुकाट्याने उजवीकडेच चालायचे.

पण या सगळ्यांवर कडी करणारी खोड वेगळी होती. कुणालाही काही सांगायचं असलं तर ते समोर जाऊन सांगायचे. फोनवर नाही, निरोपाने नाही, मेसेजने तर नाहीच. क्लबचं कोर्ट सांभाळायला जवळच्या औंढे गावचे एक आबा होते. मातीवर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्याच घरून सरांना दूध यायचं. एकदा ऐन पावसात, समोरचं दिसत नाही अशा धुक्यात, सर स्कूटर घेऊन औंढ्याला गेले. दुसऱ्या दिवशी आबा मला कोर्टवर सांगत होते.

"काल सर आलतं आमच्या हितं. नखशिखांत भिजल्यालं. म्या म्हनलं, काय झालं, कुनी गेलं का काय? तर म्हनं, उद्या दूध नको. अवं, फोन व्हता की हातात!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? च्या पाजला. लय येडा मानूस हाय, पोरी. जाताना गोठ्यात बी डोकावला. मला वाटतं म्हशीला बी सांगून गेला."

क्लबात तर या खोडीने वादच झाले. रविवारी सकाळी मेंबर लोकांचे डबल्सचे सामने असायचे. कुणाला जोडीदार बदलायचा झाला की तो क्लबच्या ग्रुपवर दोन ओळी टाकून मोकळा व्हायचा. सरांनी ते बंद केलं. जोडी मोडायची असेल तर दोघांनी नेटपाशी यायचं, सोडणाऱ्याने समोरच्याच्या डोळ्यात बघून सांगायचं, "आजपासून मी तुझ्याबरोबर खेळणार नाही," आणि हात मिळवायचा. लोक चिडले. आम्ही इथे हवा खायला येतो, कोर्टकचेरी करायला नाही, असं एक जण म्हणाला. सर ढिम्म. एक डॉक्टर होते, त्यांना आपला जोडीदार सोडायचा होता. तो बिल्डर, पोट सुटलेला, धावायचं नाव नाही. डॉक्टर नेटपाशी गेले, घसा साफ केला, आभाळाकडे बघितलं, टॉवेलने चष्मा पुसला, आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा लवकर ये." ते दोघे अजून एकत्र खेळतात. अजून हरतात.

त्या दिवशी सर फार खुशीत होते. मला म्हणाले, "बघितलंस? तोंडावर सांगायची वेळ आली की निम्म्या जोड्या मोडतच नाहीत." आणि मग बराच वेळ ते कोर्टच्या जाळीला बोटं अडकवून उभे राहिले. मला वाटलं, आबांनी रूळ नीट फिरवलाय का ते बघतायत.

मी टेनिस शिकले ती त्यांच्यामुळेच. अब्बांची ना नव्हती, अम्मीची थोडी होती, पण सर अम्मीच्या समोर जाऊन तिला सांगून आले आणि तिचं काही चाललं नाही. मी बरी खेळायचे. त्यांनी मला जिल्ह्याच्या स्पर्धांना न्यायला सुरुवात केली. एकदा पिंपरीहून त्यांच्या स्कूटरवर परत येताना देहूरोडला त्यांनी अचानक गाडी बाजूला घेतली. रस्त्याच्या अलीकडे चहाची टपरी, पलीकडे एका कॉलनीचं फाटक. लष्कराच्या डेपोत नोकऱ्या केलेल्या लोकांची जुनी घरं होती ती. सरांनी दोन चहा सांगितले आणि फाटकाकडे तोंड करून बसले. चहा संपला. त्यांनी आणखी एक सांगितला. तोंडासमोर हात धरून ते काहीतरी पुटपुटत होते, पुन्हा पुन्हा तेच.

"सर, कुणाची वाट बघताय?"

"वाट नाही. आत जायचंय. एकाला एक गोष्ट सांगायचीय."

"मग चला ना."

ते उठले. टोपी नीट केली. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि परत फिरले. "आज नको. त्याच्या दारात गाडी दिसतेय, पाहुणे आले असतील."

त्या दिवशी पुढे सोमाटण्याला पोचलो. तिथे पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा मी सरळ विचारलं, कोण राहतं तिथे. स्कूटर स्टँडला लावून, एका बाजूला उभे राहून त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये हात तोंडाशी जात होता, तो ते स्वतःच खाली घेत होते.

तिथे राहायचा तो त्यांचा जोडीदार. सर तळेगावचे, तो देहूरोडचा, बाप डेपोत. शाळेत असल्यापासून दोघे एकत्र खेळले. पुढे व्यवसाय म्हणून खेळायला लागले तेव्हाही एकत्रच. कुठे कुठे गेले. तुर्कस्तान, थायलंड, नावंही घेता येत नाहीत अशी गावं. एक खोली, एक छोटा कुकर, त्यात दोघांचा वरणभात. छोट्या स्पर्धांमध्ये जिंकायचे, पण मोठ्या स्पर्धेत घेतील एवढं त्यांचं रँकिंग कधी झालं नाही. डबल्समध्ये दोघांचं रँकिंग एकत्र धरतात. एकटा कितीही वर गेला तरी उपयोग नाही.

मग युरोपातल्या एका गावात एक परका खेळाडू सरांकडे आला. त्याचा जोडीदार जायबंदी झाला होता. पुढच्या आठवड्यात मोठी स्पर्धा होती, जगातल्या चार मोठ्यांपैकी एक. तो म्हणाला, माझ्याबरोबर नाव दे, आपल्याला घेतील. नाव द्यायची मुदत दुपारपर्यंत. सरांचा जोडीदार त्या वेळी दोघांच्या रॅकेटींना तारा घालून आणायला गेला होता.

"मी नाव दिलं," सर म्हणाले. "तो परत यायला अर्धा तास होता. मला थांबता आलं असतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं माझ्याच्याने होईना. आमच्यातलाच एक पोरगा होता, श्रीलंकेचा. त्याला म्हटलं, तू सांग त्याला. आणि मी मागच्या दाराने गेलो."

"मग?"

"त्याने सांगितलं. जोडीदाराने माझ्या रॅकेटी हॉटेलच्या काउंटरवर ठेवल्या आणि तो भारतात निघून गेला. तारा बरोबर माझ्या हाताला लागतात तेवढ्याच ताणून आणल्या होत्या. त्याला कधी सांगावं लागायचं नाही."

"आणि मोठ्या स्पर्धेत काय झालं?"

"पहिल्या फेरीत हरलो. घाम यायच्या आत संपलं. मग त्या परक्याचा जुना जोडीदार बरा झाला. तेव्हा तो माझ्याकडे आला, माझ्या समोरच्या बाकावर बसला आणि म्हणाला, मी आता त्याच्याबरोबर खेळणार, तुझे आभार. हात मिळवला. मला त्याचा एक दिवसही राग आला नाही. त्या बाकावर मला कळलं, मी काय करून बसलोय ते."

जोडीदाराने खेळणं सोडलं. डेपोत चिकटला, लग्न केलं, निवृत्त झाला. सर पुढे कितीतरी वर्षं कुणाकुणाबरोबर खेळत राहिले. आज हा, उद्या तो. खांदा गेल्यावर लोणावळ्याला आले. लग्न राहूनच गेलं. मी त्या वयाला शोभेलसा शहाणपणा केला. म्हटलं, "सर, फोन करा. एक फोन. तेही नको असेल तर मी जाते आत आणि सांगते."

सरांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "दुसऱ्याकडून सांगवायचं? मग तेव्हा वेगळं काय केलं होतं मी?"

त्यानंतर पिंपरीला, पुण्याला, कुठेही गेलो तरी येताना टपरीवर थांबणं ठरलेलं. कधी पाहुण्यांची गाडी, कधी जेवणाची वेळ, कधी "आज चेहरा बरा नाही माझा." टपरीवाला न सांगता दोन चहा ठेवायचा. मला आधी गंमत वाटायची, मग कंटाळा आला, आणि नंतर नंतर फार वाईट वाटायला लागलं. आख्ख्या लोणावळ्याला समोर जाऊन सांगायला शिकवणारा माणूस एक रस्ता ओलांडू शकत नव्हता. दूध नको हे सांगायला औंढ्याला भिजत जाणं सोपं होतं. तिथे म्हैस होती, जोडीदार नव्हता.

मग एका थंडीत, सकाळी, कोर्टवरच त्यांना झटका आला. आबा रूळ टाकून धावले. मला फोन आला तो त्यांचाच. "सर पडल्यात. त्वांड वाकडं झालंय. लवकर या." तळेगावच्या हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे सगळं समजत होते, पण तोंडातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. ज्या माणसाने आयुष्यभर एक वाक्य घोटलं होतं, त्याच्याकडून नेमकं तेच हिरावलं गेलं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मी देहूरोडला गेले. टपरीवर थांबले नाही, रस्ता ओलांडून सरळ आत गेले. दार उघडलं ते स्थूल, टक्कल पडलेल्या, बनियन घातलेल्या गृहस्थांनी. मी सरांचं नाव घेतलं. त्यांनी मला आत बसवलं आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं.

"पांढरी टोपी घालून टपरीवर बसायचा, तोच ना?" ते म्हणाले.

मी चाटच पडले. "तुम्ही बघायचात?"

"या खिडकीतून सरळ दिसतं. तो आला की ही चहाला जास्तीचं आधण ठेवायची. मग तो स्कूटर चालू करायचा, आणि ही ते ओतून द्यायची."

"मग काका, तुम्ही हाक का नाही मारली?"

"मी कशाला मारू? सांगायचं त्याला होतं." थोडं थांबून म्हणाले, "माझीही अकड होतीच. सर्व्हिस त्याची आहे, तो करेल, म्हणून बसलो. बसूनच राहिलो."

मी झटक्याचं सांगितलं. त्यांनी शर्ट चढवला आणि माझ्याबरोबर निघाले.

हॉस्पिटलात सर उशीला टेकून बसले होते. दारात जोडीदाराला बघून त्यांचा चेहरा असा काही झाला की मला तिथे उभं राहवेना. काका पलंगापाशी गेले, खुर्ची ओढून समोर बसले. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. सरांचे ओठ हलायला लागले. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, घशातून आवाज येत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि शब्द काही येत नव्हता. मला बघवलं नाही. मी म्हटलं, "काका, सरांना तुम्हाला सांगायचंय की त्या वेळी..."

काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "थांब, बेटा. तेव्हाही मला दुसऱ्यानेच सांगितलं होतं."

 मग ते सरांना म्हणाले, अगदी शांतपणे, "सावकाश. तू सांग. मला घाई नाही."

अब्बांनी सरांना घरी आणलं तेव्हा वर नाही नेलं, दुकानामागच्या खोलीत पलंग टाकला. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. त्या आरसा धरून अक्षरं म्हणवून घ्यायच्या. आणि दर रविवारी देहूरोडहून काका यायचे. येताना केळी आणायचे. समोर खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "हं, बोल." सर प्रयत्न करायचे. घाम फुटेपर्यंत. काका मध्ये एक शब्द सुचवायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत, ‘कळलं, कळलं’ म्हणून सुटका करायचे नाहीत. एकदा अम्मीला राहवलं नाही. ती म्हणाली, "भाईसाहेब, तुम्हाला माहितीय त्यांना काय म्हणायचंय. माफ करून टाका ना. कशाला त्यांचा जीव घेता?" काका म्हणाले, "माफ कधीच केलंय, ताई. पण त्याचं वाक्य मी कसं म्हणू?"

मला तेव्हा ते निष्ठुर वाटले. पण रविवारी सकाळी सर स्वतःहून दाढी करायला गाल पुढे करायचे, हेही मी बघत होते. आठवडाभर नुसता पडून राहणारा माणूस शनिवारपासून ओठांची हालचाल करायला लागायचा. सगळे जण त्यांच्याशी बाळाशी बोलावं तसं बोलायचे, मीसुद्धा. एक काकाच तेवढे असे होते, जे त्यांच्याकडून काही मागत होते.

पावसाळा गेला. डोंगरावरचे झरे आटत आले होते, तेव्हा एका बुधवारी दुपारी सर झोपेतच गेले. सरांचा पुतण्या आला, बाजारातली माणसं जमली, क्लबातले डॉक्टर आणि बिल्डर दोघे आले, औंढ्याहून आबा आले. काकांना मी फोन केला नाही. गाडी करून देहूरोडला गेले आणि त्यांच्या समोर उभी राहून सांगितलं. ते शर्ट चढवून आले.

स्मशानातून परतल्यावर ते दुकानाच्या पायरीपाशी थांबले. अजून आंघोळ व्हायची होती म्हणून आत आले नाहीत. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते नुसतंच हातात धरलं.

"गेल्या रविवारी ‘मी’ म्हणाला होता," ते म्हणाले. "तू बाहेर गिऱ्हाईक बघत होतीस. अगदी स्वच्छ म्हणाला. मी. मग दम लागला त्याला. मी म्हटलं, राहू दे, पुढचं पुढच्या रविवारी."

"काका, पुढचं तर तुम्हाला ठाऊकच होतं."

"ठाऊक होतं, बेटा. तेव्हापासून ठाऊक होतं. मला ऐकायचं होतं."